स्मोकी डोंगरातलं पुस्तक कानाने वाचताना

लिब्रिवॉक्स माहीत नसलेल्यांसाठी आधी थोडक्यात सांगून टाकते. कॉपीराइट संपलेली जुनी पुस्तकं जगभरातले हौशी लोक आपापल्या घरी बसून मोठ्याने वाचतात, रेकॉर्ड करतात आणि ती कोणालाही फुकट ऐकता येतात. २००५ च्या ऑगस्टमध्ये मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायरने हे सुरू केलं तेव्हा चारदोन टाळकी होती, आता वीस हजाराच्या आसपास पुस्तकं झालीत. पैसे कोणालाच नाहीत. वाचणाऱ्याला नाहीत, तपासणाऱ्याला नाहीत, आणि रेकॉर्डिंग एकदा दिलं की त्यावर आपला काडीचाही हक्क राहत नाही, उद्या कोणी त्याच्या सीड्या करून विकल्या तरी आपण गप्प बसायचं. हे ऐकल्यावर माझ्या नवऱ्याने "मग कशाला करतेस?" असं विचारलं होतं आणि त्याचं पटेल असं उत्तर मी अजून दिलेलं नाही.

तर सध्या आमचा ग्रुप जे पुस्तक करतोय ते होरेस केपहार्टचं 'अवर सदर्न हायलँडर्स'. १९१३ चं. नॉर्थ कॅरोलायना आणि टेनेसीच्या सीमेवरच्या ग्रेट स्मोकी डोंगरात राहणाऱ्या गोऱ्या गरीब शेतकऱ्यांबद्दलचं आहे. अस्वलाची शिकार, चोरून गाळलेली दारू, घराण्याघराण्यांतली वैरं, लाकडी घरं, खाणं, बोलणं, सगळं त्यात येतं. मी नॉर्थ कॅरोलायनातच शार्लटला राहते, इथून ते डोंगर तीनेक तासांवर, म्हणजे ऑक्टोबरात आपली सगळी मराठी जनता गाड्या काढून पानांचे रंग बघायला जाते तेच. गॅटलिनबर्गला पॅनकेक खायचे, क्लिंगमन्स डोमवर फोटो काढायचे (२०२४ पासून त्याला तिथल्या मूळच्या चेरोकी लोकांचं नाव परत दिलंय, कुवोही), आणि सोमवारी ऑफिस. मीही तेच करत आलेय. त्या झाडीत शंभर वर्षांपूर्वी माणसं राहत होती, उभ्या उतारावर मका लावत होती, हे तिथल्या पार्कात फिरताना एखादी जपून ठेवलेली जुनी झोपडी सोडली तर कुठे जाणवतच नाही.

केपहार्ट मुळात लायब्रेरियन. सेंट लुईसच्या मर्कंटाइल लायब्ररीचा मुख्य, बायको, सहा मुलं, चांगलं नाव. मग दारू वाढली, मन आजारी पडलं, नोकरी गेली, घर तुटलं, आणि १९०४ मध्ये चाळिशी ओलांडलेला हा माणूस सगळं मागे टाकून इथे आला. हेझल क्रीक नावाचा ओढा आहे, त्याच्या वरच्या अंगाला बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीपाशी एका खोपटात तीनेक वर्षं राहिला. पहिल्या प्रकरणात तो सांगतो की येण्याआधी त्याने या भागाबद्दल काही वाचायला मिळतंय का म्हणून खूप शोधलं आणि त्याच्या पिढीत लिहिलेला एक साधा मासिकातला लेखसुद्धा त्याला मिळाला नाही. लायब्रेरियनला मिळाला नाही म्हणजे बघा. मग तो स्वतःच वह्या भरत बसला, कोण काय बोललं, कुठला शब्द कसा वापरला, अस्वल कसं सोलायचं, सगळं विषयवार लावून, शेवटी लायब्रेरियनच ना. त्या वह्या आज वेस्टर्न कॅरोलायना युनिव्हर्सिटीत जपून ठेवल्यात.

या प्रोजेक्टमध्ये माझं मुख्य काम वाचण्याचं नाही, ऐकण्याचं आहे. एक जण पुस्तक चालवणारा असतो, तो प्रकरणांची यादी लावतो, ज्याला जे हवं ते तो मागून घेतो, आपल्या सवडीने रेकॉर्ड करून पाठवतो, आणि मग प्रूफ लिसनर म्हणजे मी, समोर मजकूर उघडा ठेवून हेडफोन लावून अक्षर न् अक्षर ऐकते. फाइल १२८ केबीपीएसची एमपीथ्री आहे का, आवाज ८९ डेसिबलच्या आसपास आहे का, शेवटी पाच सेकंद शांतता सोडलीय का, सुरुवातीची ठरलेली ओळ म्हटलीय का, हे तर बघायचंच. पण खरं काम पुढे. सगळ्यात जास्त सापडते ती गाळलेली ओळ. एका ओळीत 'द माउंटेनियर' आलेला असतो आणि दोन ओळी खाली परत तोच शब्द, वाचणाऱ्याची नजर वरच्यावरून थेट खालच्यावर उडी मारते, मधलं सगळं गायब, आणि गंमत म्हणजे वाक्य इतकं बेमालूम जुळतं की त्याला स्वतःला पत्ताच लागत नाही. त्यामुळे नुसतं कान देऊन चालत नाही, बोट ओळीवर ठेवावं लागतं. मग खुर्चीची करकर, पानाची सळसळ, लांबून जाणारं विमान, 'प' म्हणताना माइकवर बसणारा फटका, मध्येच घोटभर पाणी प्यायल्याचा आवाज, सगळं मिनिट सेकंदासकट लिहून पाठवायचं. ऑफिसमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढायच्या आणि रात्री दुसऱ्यांच्या वाचनातल्या, असं माझं चाललंय.

दारूवरच्या एका प्रकरणाचं रेकॉर्डिंग आलं तेव्हा पाठीमागे रातकिडे ओरडत होते. नियमाप्रमाणे हा आवाज म्हणजे नॉइज, मी तसं कळवलं, तर वाचणाऱ्या काकांचं उत्तर आलं की मी जॉर्जियात गावाबाहेर राहतो आणि उन्हाळ्यात यांना गप्प करण्याची सोय देवाने ठेवलेली नाही. ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये नॉइज काढायचं बटण असतं पण त्याने माणसाचा आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा होतो. शेवटी पुस्तक चालवणाऱ्याने राहू दे म्हटलं. आणि खरं सांगू का, त्या प्रकरणाला तो आवाज इतका शोभतो की आता ते काढायला सांगितलं असतं तरी मीच भांडले असते.

दारूवरची प्रकरणं म्हणजे पुस्तकाचा सगळ्यात रसरशीत भाग आहे, त्यामुळे त्यांबद्दल जरा लिहितेच. मक्याला उबेत ठेवून मोड आणायचे, वाळवून दळायचे, मग उकळत्या पाण्यात त्याचा घोळ करून आंबवत ठेवायचं. आंबलं की तांब्याच्या भांड्यात चढवायचं, वाफ वेटोळ्या नळीतून थंड पाण्यातून न्यायची, आणि पहिल्यांदा जे निघतं ते कच्चं, ते परत एकदा चढवायचं तेव्हा कुठे प्यायच्या लायकीचं होतं. कडकपणा बघायचा तर बाटली हलवायची आणि वर जमणाऱ्या बुडबुड्यांवरून ठरवायचं. हे सगळं थर्मामीटर वगैरे काही नसताना, रात्री, ओढ्याच्या काठी, कान रस्त्याकडे लावून. केपहार्ट यात नैतिक भाषण देत नाही, हिशोब मांडतो. यांच्याकडे पीक एकच, मका, आणि रस्ते असे की गाडीभर मका बाजारात नेईपर्यंत त्याची किंमत वाहतुकीतच संपते, पण तोच मका दारू होऊन खेचराच्या पाठीवर बसला की परवडतो. सरकारने १८६२ मध्ये, यादवी युद्धाच्या खर्चासाठी, दारूवर परत कर बसवला आणि नंतर तो वाढतच गेला, पण डोंगरातल्या माणसाच्या डोक्यात कधी शिरलंच नाही की माझ्या शेतातला माझा मका मी प्यायला तर यात वॉशिंग्टनचं काय गेलं. अशा चोरट्या दारूला 'मूनशाइन' हा शब्द आपण बाहेरचे वापरतो, तिथले लोक 'ब्लॉकेड' म्हणायचे, आणि गाळणारा तो 'ब्लॉकेडर'. आणि पकडायला येणारे सगळे मिळून 'द रेव्हेन्यू', जणू एकच माणूस आहे.

हे लिहिणारा स्वतः दारूपायी घर घालवून आलेला आहे हे पुस्तकात कुठेच नाही. पण एकदा माहीत झालं की ऐकताना कान तिकडे जातोच.

आता ज्या गोष्टीवरून हे सगळं लिहायला घेतलं त्यावर येते. ते म्हणजे बोली.

केपहार्ट डोंगरातल्या माणसांचं बोलणं जसं ऐकलं तसं लिहितो. म्हणजे स्पेलिंगच मोडून लिहितो. 'इट'च्या जागी 'हिट', 'व्हेअर'च्या जागी 'व्हार', 'देअर'चं 'थार', आणि 'तुम्ही लोक' म्हणजे 'यू-अन्स'. त्याचं स्वतःचं निवेदन मात्र एकदम इस्त्रीचं, मोठमोठी वाक्यं, मध्ये शेक्सपिअर, मध्ये चॉसर. छापील पानावर त्यामुळे आपोआप दोन मजले तयार होतात, वरच्या मजल्यावर लेखक आणि तुम्ही वाचक, खालच्या मजल्यावर ती माणसं. शिकारीचं प्रकरण तर थेट शेकोटीपुढे गर्दी करून बसलेल्या कुत्र्यांना कोणीतरी दम देतंय तिथूनच सुरू होतं, पहिलं वाक्यच अस्सल डोंगरी. रात्र, वारा, एवढीशी केबिन, माणसं आणि कुत्री एकमेकांच्या अंगावर. फार सुंदर प्रकरण आहे. आणि वाचणाऱ्याची परीक्षा पहिल्या श्वासातच.

हे प्रकरण आधी एका इंग्लंडच्या गृहस्थांनी घेतलं. आवाज काय सांगू, नाटकातला. आणि त्यांनी ते नाटकासारखंच केलं, प्रत्येक शिकाऱ्याला वेगळा आवाज, सगळे हेल काढून, नाकातून, जुन्या हॉलिवूडच्या सिनेमातले खेडवळ बोलतात ना तसे. निवेदन आलं की परत एकदम बीबीसी. ऐकायला मजा येते यात शंका नाही. पण दहाएक मिनिटं झाली आणि मला कसंसंच व्हायला लागलं, कारण केबिनमधली ती माणसं शिकारीत तरबेज आहेत, कुत्र्याच्या भुंकण्यावरून अस्वल झाडावर चढलंय की जमिनीवर लढतंय ते ओळखणारी आहेत, आणि आवाजात मात्र ती बावळट होऊन बसली. आता प्रूफ लिसनरला याबद्दल बोलायची मुभा नाही. कोणाच्या ॲक्सेंटबद्दल, वाचायच्या पद्धतीबद्दल टीका करायची नाही हा लिब्रिवॉक्सचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे, नाहीतर माझ्यासारखीने इंग्लिश वाचायची हिंमतच केली नसती. ओळ गाळली का, नाही, खरखर आहे का, नाही, मग पास. मी पास केलं.

आपल्याकडे काही वेगळं नाही म्हणा. गावरान बोली माइकवर आली की लोकांनी हसलंच पाहिजे असा जणू ठराव झालेला आहे. कथाकथनाच्या कार्यक्रमात माणूस गावाकडच्या आजीचं पात्र करायला लागला की ती आजी मेलेल्या नवऱ्याबद्दल बोलत असली तरी मागच्या रांगेत खसखस पिकते. मी साताऱ्याकडची, पुण्यात कॉलेजला आल्यावर माझ्या 'व्हय'वर किती हसले सगळे, त्यामुळे या बाबतीत मी जरा नाजूक आहे हे मान्य.

तर त्यानंतर आलं 'लँड ऑफ डू विदाउट' हे प्रकरण. नसलं तर नसलं, त्याच्याविना चालवून घेणाऱ्यांचा मुलूख. कॉफीत साखर नाही, घराला खिडकी नाही, थंडीत पायात बूट नाही, पण दुसऱ्यापुढे हात पसरणार नाही. हे वाचलं टेनेसीच्या डोंगराळ भागात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने. आणि पहिल्या मिनिटातच माझं बोट ओळीवर थांबलं. चुकीसाठी नाही. ही बाई केपहार्टचं ते शेक्सपिअरवालं निवेदनच डोंगरी हेलात वाचत होती. मुद्दाम नाही, तिचं बोलणंच ते आहे. आणि डोंगरातल्या माणसांची वाक्यं आली की काही बदलायची तिला गरजच नव्हती, त्याच आवाजात, त्याच लयीत पुढे. छापलेल्या पानावरचे दोन मजले गेलेच की! कोण लेखक बोलतोय आणि कोण खेचर हाकणारा हे फक्त शब्दांवरून कळायचं, आवाजात दोघं एकाच पायरीवर. केपहार्टला हे ऐकून काय वाटलं असतं कोण जाणे, पण मला वाटतं हे पुस्तक असंच ऐकायचं असतं, कुठल्याही छापील आवृत्तीत ते असं मिळणारच नाही.

गावांची आणि नद्यांची नावंही तिच्याकडूनच आम्ही सगळ्यांनी नीट करून घेतली. नॅन्टाहेला, टकसीजी, ओकोनलफ्टी, कॅटलूची. सगळी चेरोकीतून आलेली, आणि स्पेलिंगवरून अंदाज केला तर हमखास तोंडावर आपटणार. मुळात 'ॲपलॅचियन' हाच वादाचा शब्द आहे, दक्षिणेतल्या डोंगरातले लोक 'लॅच' म्हणतात, उत्तरेतले 'लेश' म्हणतात, आणि इथल्या माणसासमोर तुम्ही 'लेश' म्हणालात की तो पुढचं बोलणं जरा राखूनच करतो. ग्रुपमध्ये यावर बरीच चर्चा झाली, शेवटी नियमाप्रमाणे ज्याने त्याने आपल्या सवयीने म्हणावं असं ठरलं, पण त्यानंतर आलेल्या सगळ्या फायलींमध्ये 'लॅच'च होतं, अगदी इंग्लंडवाल्यांच्याही.

बोलीवरचं अख्खं प्रकरण पुस्तकात आहे, 'द माउंटन डायलेक्ट'. ते कोणी घेईना. एकाने घेतलं आणि काही आठवड्यांनी सोडून दिलं, बरोबरच आहे, पानापानावर दुहेरी अवतरण चिन्हांत शब्दांच्या रांगा आहेत, गोष्ट अशी नाहीच. शेवटी मी घेतलं. मी रेकॉर्डिंग करते बेडरूमच्या क्लोजेटमध्ये. हसू नका, सगळेच करतात, कपड्यांनी आवाज घुमत नाही. एका बाजूला थंडीचे कोट, दुसऱ्या बाजूला साड्या, मध्ये स्टुलावर लॅपटॉप, आणि समोर यूएसबी माइक. लग्नातला शालू दाराच्या फटीवर लावला की बाहेरच्या एसीचा आवाज निम्मा होतो, एवढ्या वर्षांत त्याचा झालेला हाच काय तो उपयोग. सासूबाई आल्या होत्या तेव्हा दाराबाहेरून विचारत होत्या, "अगं, आत कोणाशी बोलतेयस एवढ्या वेळची?" म्हटलं, आई, पुस्तक वाचतेय. "मग दार लावून?" त्यावर काय सांगणार. त्यांनी त्या दिवशी मिक्सर मात्र माझं झाल्यावरच लावला.

त्या प्रकरणात मला आवडलेला भाग म्हणजे ही माणसं शब्दाला शब्द जोडून दुप्पट करतात तो.  हॅम-मीट. बिस्किट-ब्रेड. रायफल-गन. प्रीचर-मॅन. केपहार्ट त्यांची यादीच देतो आणि त्यात त्याची मजा वाटल्याचं कळतं, पण टिंगल नाही, उलट 'हिट' हे अशुद्ध नसून इंग्लिशचं जुनं रूप आहे हे तो ठासून सांगतो. मी ते सगळं माझ्या साताऱ्याच्या इंग्लिशमध्ये वाचलं. हेल काढायचा प्रयत्न केला नाही. टेनेसीवाल्या बाईंची फाइल ऐकून झाल्यावर मी ठरवूनच टाकलं होतं की माझ्या आवाजातही दोघं एकाच पायरीवर राहतील, केपहार्टही आमच्याकडचा आणि डोंगरातला माणूसही आमच्याकडचा. माझी फाइल तपासली दुसऱ्या एका प्रूफ लिसनरने, आपली आपण तपासायची नसते. तिने एक पुन्हा आलेला शब्द काढायला लावला आणि खाली लिहिलं, मला 'लेडीज बायका' सारखं आणखी काही तुमच्या भाषेत आहे का हे विचारायचंय. म्हणजे मीच आधी ग्रुपमध्ये ते उदाहरण दिलं होतं, ते तिला फार आवडलं होतं.

सगळंच काही गोड नाही. पुस्तकात काळ्या लोकांबद्दल असे उल्लेख आहेत, असे शब्द आहेत, जे आज तोंडातून काढवत नाहीत. लिब्रिवॉक्सवर मजकूर बदलत नाहीत, गाळत नाहीत, जसा छापला तसा वाचायचा, ज्याला जमणार नाही त्याने ते प्रकरण घेऊ नये. डोळ्याने वाचताना आपण अशा ओळीवरून नकळत घाईने पुढे जातो. मोठ्याने वाचताना जाता येत नाही, आणि तपासताना तर ती ओळ नीट आली का हेच बघायचं असतं. माझ्या वाट्याला ते ऐकणं आलं, वाचणाऱ्याच्या आवाजात तिथे किंचित सपाटपणा आला होता, बाकी काही नाही.

आणि एक तक्रार माझी केपहार्टबद्दल आहे. त्या काळात या डोंगरातल्या लोकांकडे 'आपले समकालीन पूर्वज' म्हणून बघायची फॅशन होती, १८९९ मध्ये विल्यम गुडेल फ्रॉस्ट नावाच्या कॉलेजच्या अध्यक्षाने 'अटलांटिक मंथली'त अगदी तशाच शीर्षकाचा लेख लिहिला होता. केपहार्टही त्याच चष्म्यातून बघतो, ही माणसं अठराव्या शतकात थांबलीयत असं. अरे पण तू ज्या खोपटात राहिलास ते बंद पडलेल्या तांब्याच्या खाणीचं होतं ना? म्हणजे कंपन्या आधीच येऊन गेल्या होत्या. पुस्तक आलं तेव्हा हेझल क्रीकवर रिटर लंबर कंपनीची तोड जोरात होती, रेल्वे थेट वर गेली होती. शेजारी क्वाला बाउंड्रीत चेरोकी राहत होते, आजही राहतात. थांबलेलं वगैरे काही नव्हतं. शेवटच्या प्रकरणात त्याला ते दिसतं, पण तोपर्यंत सोळा प्रकरणं झालेली असतात.

पुढे तर या ओढ्याचं जे झालं ते त्याने पाहिलंच नाही. तो स्मोकीमध्ये नॅशनल पार्क व्हावं म्हणून शेवटपर्यंत लिहीत राहिला, सोबत त्याचा मित्र जॉर्ज मासा, ॲशव्हिलला स्थायिक झालेला जपानी फोटोग्राफर, पाठीवर कॅमेरा घेऊन डोंगर पालथे घालणारा. पार्क १९३४ मध्ये झालं. केपहार्ट त्याआधीच, एप्रिल १९३१ मध्ये ब्रायसन सिटीजवळ टॅक्सीच्या अपघातात गेला, चोरटी दारू आणायला गेला होता असं सांगतात. पार्कसाठी ज्यांच्यावर पुस्तक लिहिलं त्याच लोकांना घरं सोडावी लागली. मग १९४२ मध्ये फॉन्टाना धरण सुरू झालं, महायुद्धाला वीज हवी म्हणून रात्रंदिवस काम करून १९४४ मध्ये पूर्ण झालं, आणि हेझल क्रीकला जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. सरकारने नवा रस्ता करून देऊ असं लिहून दिलं होतं. काही मैल झाला, एक बोगदा झाला आणि तिथेच थांबला, त्याला लोक 'रोड टू नोव्हेअर' म्हणतात, ब्रायसन सिटीहून जाऊन बघता येतो. २०१० मध्ये रस्त्याऐवजी त्या भागाच्या स्वेन काउंटीला (म्हणजे जिल्ह्याला) ५.२ कोटी डॉलर द्यायचं ठरलं. धरणग्रस्तांची नातवंडं अजूनही उन्हाळ्यात पार्कच्या बोटीने पलीकडे जाऊन पूर्वजांच्या थडग्यांवर फुलं घालतात, 'डेकोरेशन डे' म्हणतात त्याला. टेनेसीवाल्या बाईंच्या आजीकडचे लोक तिकडचेच. म्हणूनच त्यांनी हे पुस्तक घेतलं होतं, हे त्यांनी सगळी प्रकरणं पाठवून झाल्यावर सांगितलं.

मला मध्येच वाटतं आपल्या 'गावगाडा'चं असं कोणीतरी करायला हवं. त्रिंबक नारायण आत्र्यांचं, १९१५ चं, म्हणजे केपहार्टच्या मागोमागच, आणि तिथेही लिहिणारा महसूल खात्यातला माणूस, गावाकडे थोडं बाहेरून बघणारा. त्यातली बलुतेदारांची प्रकरणं निरनिराळ्या गावच्या लोकांनी आपापल्या बोलण्यात वाचली तर काय बहार येईल. पण त्याला माणसं जमवावी लागतील आणि मला आत्ता एक पुस्तक संपवायचंय.

जाता जाता, "आता एआय वाचून दाखवतंच की" असं म्हणणाऱ्यांसाठी: लिब्रिवॉक्सवर माणसाचाच आवाज लागतो. आणि यंत्रांना बोलणं ओळखायला शिकवण्यासाठी २०१५ मध्ये जो हजार तासांचा मोठा साठा तयार केला, लिब्रिस्पीच, तो लिब्रिवॉक्सच्याच रेकॉर्डिंगमधून घेतलाय. म्हणजे क्लोजेटमधल्या लोकांचे आवाज ऐकूनच ती शिकलीयत.

सध्याची स्थिती अशी की सतरा प्रकरणांपैकी वैराचं प्रकरण, 'द ब्लड-फ्यूड', तेवढं बाकी आहे, ते जॉर्जियावाल्या काकांनी घेतलंय, थंडी पडल्यावर करतो म्हणाले, रातकिडे झोपल्यावर. १९२२ ची वाढवलेली आवृत्ती वेगळी आहे, त्यात दारूबंदीच्या काळातली नवी प्रकरणं आहेत, ती या प्रोजेक्टमध्ये घ्यायची नाहीत असं ठरलंय कारण आमचा मजकूर जुन्या आवृत्तीचा आहे. त्यावरून जरा वादावादी झाली. पण हे कॅटलॉगला लागलं की ती वेगळी करायची आहेत, आणि त्यातलं 'स्नेक-स्टिक मॅन' मी आत्ताच सांगून ठेवलंय, ते दुसऱ्या कोणाला देऊ नका म्हणून.